हर्मिटाजमधील ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’: नाव ठाऊक नसताना चित्रकार आणि काळ कसे ठरवतात?

शलाका (प्रश्नकर्ती)

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार थॉमस गेन्सबरो याचे ‘निळ्या वस्त्रातील स्त्री’ या नावाने ओळखले जाणारे एक व्यक्तिचित्र आहे. त्याची मोठ्या आकारातील प्रतिमा मी अलीकडे बारकाईने पाहत आहे. उंच बांधलेले आणि पावडर लावून राखी केलेले केस, त्यांवर बसवलेली छोटी टोपी व तिच्यात खोवलेली पिसे, गळ्यालगत काळी बारीक फीत, पांढरा पोशाख आणि छातीशी एका हाताने सावरलेली निळी शाल, एवढाच चित्राचा ऐवज आहे. मागे खुर्ची नाही, खांब नाही, झाड नाही. नुसता गडद तपकिरी अंधार आहे.

चित्राच्या नोंदीत चित्रकाराचे नाव ठामपणे दिलेले आहे. काळ १७७० च्या दशकाची अखेर ते १७८० च्या दशकाचा आरंभ असा दिला जातो. स्त्रीचे नाव मात्र नाही. काही ठिकाणी ती ब्यूफोर्टची डचेस असावी असे लिहिलेले आढळते, पण तेथेही पुढे प्रश्नचिन्ह असते. मला पडलेले प्रश्न असे आहेत. पैसे मोजून, त्या काळच्या अग्रगण्य चित्रकारासमोर बसून ज्या स्त्रीने आपले चित्र काढवून घेतले, तिचे नाव हरवतेच कसे? चित्रावर मला तरी कोठे सही दिसली नाही. मग ते गेन्सबरोचेच, आणि याच चार-पाच वर्षांतले, हे कशाच्या आधारावर सांगतात? तिसरी गोष्ट निळ्या रंगाची. चित्राच्या मुख्य भागात निळा रंग वापरू नये असा नियम त्याचा समकालीन प्रतिस्पर्धी चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने सांगितला आणि त्याला खोटे ठरवण्यासाठी गेन्सबरोने हट्टाने निळी चित्रे काढली, असे मी अनेकदा वाचले आहे. हे चित्र त्याच भांडणातले म्हणावे काय? शेवटी एक लहानशी शंका: हा काळ रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या कारकिर्दीचा असल्यामुळे चित्र तिनेच थेट इंग्लंडमधून मागवले असेल का?

चौकटीबाहेर

कॅथरीनचा मुद्दा आधी निकालात काढू. तिने १७७९ मध्ये इंग्लंडमधील हॉटन हॉल येथील, माजी पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलचा संपूर्ण चित्रसंग्रह विकत घेतला आणि पुढे रेनॉल्ड्सकडून सर्पांना चिरडणाऱ्या बाल हर्क्युलिसचे एक प्रचंड चित्र करवून घेऊन त्यासाठी १,५०० गिनी (तेव्हाचे इंग्रजी नाणे) मोजल्या, हे खरे आहे. पण तिची नजर जुन्या युरोपीय महारथींच्या कलाकृतींवर आणि इतिहासचित्रांवर होती; एखाद्या इंग्रज कुटुंबाने आपल्या घरासाठी काढून घेतलेले छोटे व्यक्तिचित्र तिला हवे असण्याचे कारण नव्हते. हे चित्र हर्मिटाजमध्ये पोचले ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, खित्रोवो या रशियन संग्राहकाच्या मृत्युपत्राने. त्याच देणगीतून रॉम्नी, रेबर्न आणि हॉप्नर या ब्रिटिश व्यक्तिचित्रकारांचीही कामे तेथे गेली. आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की चित्र ज्या घरासाठी काढले गेले त्या घरातून ते सरळ संग्रहालयात आलेले नाही. मध्ये किमान एका परक्या संग्राहकाचे घर आहे, आणि नावे गळून पडतात ती बहुधा अशाच वाटेवर.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये व्यक्तिचित्र ही मुख्यतः घरात लावायची वस्तू होती. जिन्यावर किंवा जेवणाच्या दालनात टांगलेली बाई कोण आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असे. तिच्याखाली नावाची पाटी लावण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. दोन पिढ्यांनंतर तीच बाई ‘आजोबांची कोणीतरी आत्या’ होते. त्यानंतर वारस संपतो, घर विकले जाते, सामानाचा लिलाव होतो आणि यादी करणारा कारकून ‘एका स्त्रीचे चित्र’ एवढेच लिहून पुढच्या वस्तूकडे वळतो.

प्रदर्शनाच्या कागदपत्रांतून नाव मिळेल असे आपल्याला वाटेल, परंतु तेथेही निराशाच पदरी येते. लंडनमधील चित्रकारांची संस्था असलेल्या रॉयल अकादमीची स्थापना १७६८ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षापासून तिची वार्षिक प्रदर्शने सुरू झाली. शतक जवळजवळ संपेपर्यंत या प्रदर्शनांच्या छापील याद्यांत खासगी व्यक्तींची नावे देत नसत. ‘एका स्त्रीचे व्यक्तिचित्र’, ‘एका सद्गृहस्थाचे व्यक्तिचित्र’, फार तर ‘पूर्णाकृती’ अशी जोड, एवढ्यावर भागवले जाई. ज्याला आज सारे जग ‘ब्लू बॉय’ म्हणून ओळखते, ते निळ्या पोशाखातल्या मुलाचे गेन्सबरोचे चित्र १७७० च्या यादीत एका तरुण सद्गृहस्थाचे व्यक्तिचित्र म्हणूनच छापलेले आहे. प्रेक्षक चेहरे ओळखत, वर्तमानपत्रे नावे फोडत आणि रॉबर्ट वॉलपोलचा लेखक मुलगा होरेस याच्यासारखा चौकस माणूस आपल्या प्रतीत समासात नावे टिपून ठेवी. आज आपण अनेक चित्रांतल्या व्यक्तींना नावाने ओळखतो, त्याचे श्रेय होरेस वॉलपोलच्या या सवयीलाही द्यावे लागते. जे चित्र प्रदर्शनात गेलेच नाही, त्याला हा आधारही नाही.

येथे रेनॉल्ड्स आणि गेन्सबरो यांच्यातला एक फरक फार मोठा ठरतो. रेनॉल्ड्स समोर बसायला येणाऱ्यांच्या वेळा छोट्या वह्यांत लिहून ठेवी आणि त्यांतल्या बऱ्याच वह्या आज उपलब्ध आहेत. अमुक बाई अमुक दिवशी सकाळी किती वाजता आली, हे त्यांतून सांगता येते. गेन्सबरोची अशी कोणतीही वही आपल्यापर्यंत आलेली नाही. त्याची पत्रे आहेत आणि ती वाचायला मोठी गमतीची आहेत, पण हिशेब ठेवणाऱ्याचा तो स्वभावच नव्हता.

आता डचेसबद्दल. ब्यूफोर्टची डचेस एलिझाबेथ ही अॅडमिरल बॉस्कोवेनची कन्या. तिचे नाव या चित्राशी जोडण्याची रीत जुनी आहे, पण तिला पुरावा म्हणता येत नाही. अशा नावांकडे मी स्वतः संशयाने पाहतो, आणि त्याचे कारण बाजाराच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गेन्सबरो, रेनॉल्ड्स आणि रॉम्नी यांनी रंगवलेल्या स्त्रियांना अमाप मागणी आली. जोसेफ ड्यूव्हीनसारख्या व्यापाऱ्यांनी ती अमेरिकेतल्या धनिकांपर्यंत नेली. ‘ब्लू बॉय’ १९२१ मध्ये हेन्री हंटिंग्टनकडे गेला तो ड्यूव्हीनच्याच हातून. अशा बाजारात निनावी बाईपेक्षा डचेसला गिऱ्हाईक चटकन मिळते, हे सांगायला नकोच. म्हणून एखाद्या देखण्या अनोळखी स्त्रीला पदवी चिकटलेली दिसली की ती प्रथम कोणी आणि केव्हा चिकटवली, हे विचारावे. संग्रहालयाने नोंदीत नाव न घालणे हा माझ्या मते आळस नव्हे. उलट ती शिस्त आहे.

तरीही एक शंका मांडून ठेवतो. एलिझाबेथचा जन्म १७४७ चा. चित्राचा काळ खरा मानला तर ती तेव्हा एकतीस ते पस्तीस वर्षांची असणार. चित्रातली स्त्री मला विशीच्या मध्याची वाटते.

वस्त्रवेध

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र शेवटच्या शंकेला फारसे वजन देऊ नये असे मला वाटते. व्यक्तिचित्रकाराचा चरितार्थ समोरच्या व्यक्तीला चार वर्षांनी लहान दाखवण्यावर चालत असे, हे एक. दुसरे म्हणजे केसांची पावडर. विशीतली मुलगी आणि पन्नाशीची बाई या दोघींचेही केस ती सारखेच राखी करून टाकी. वय ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण त्यामुळे नाहीशी होई. ती डचेस नसेलही, पण ‘तरुण दिसते’ हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

काळ ठरवण्याच्या कामी मात्र हेच केस सर्वाधिक उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या केशरचनेची उंची १७७० नंतर वाढत गेली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात कळसाला पोचली. लोकरीच्या किंवा घोड्याच्या केसांच्या गाद्या डोक्यावर ठेवून त्यांवरून केस वर चढवत, प्राण्यांच्या चरबीपासून केलेल्या पोमेडने ते बसवत आणि वर पिष्टमय पावडरीचा थर देत. या चित्रात हा डोलारा अगदी जवळून पाहावा. कपाळापासून वर गेलेला केसांचा भाग जवळजवळ गुळगुळीत उशीसारखा आहे, बाजूने वळवलेल्या गुंडाळ्या आहेत आणि काही बटा मानेवर सोडलेल्या आहेत. टोपी डोके झाकण्यासाठी नाहीच. ती त्या डोलाऱ्याच्या माथ्यावर ठेवलेला दागिना आहे.

आता दोन्ही बाजूंनी कुंपण घालून पाहू. गेन्सबरोने रंगवलेले मिसेस ग्रॅहम यांचे पूर्णाकृती चित्र एडिनबर्गच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. ते १७७७ मध्ये रॉयल अकादमीत मांडले गेले, त्यामुळे त्याचा काळ पक्का आहे. त्यातही उंच केस आहेत आणि त्यांवर पिसे लावलेली तिरपी टोपी आहे. हर्मिटाजच्या स्त्रीची आणि तिची केशरचना एकाच घराण्यातली आहे. दुसरीकडे लंडनच्या नॅशनल गॅलरीतले अभिनेत्री सेरा सिडन्सचे चित्र पाहा. ते १७८५ चे आहे. तेथे केस उंचीऐवजी रुंदीला फुगलेले आहेत, कुरळ्या बटा दोन्ही खांद्यांकडे उतरतात आणि टोपी एवढी मोठी काळी आहे की चेहऱ्यामागे तिचे गडद वर्तुळच तयार होते. १७८५ ते १७८७ या काळातल्या, डेव्हनशायरची डचेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रातही तसलीच प्रशस्त टोपी आहे. आपली निनावी स्त्री उघडच पहिल्या बाजूला झुकते, दुसऱ्या बाजूला अजून पोचलेली नाही. ‘१७७० च्या दशकाची अखेर ते १७८० च्या दशकाचा आरंभ’ हे अशा तुलनेतून निघालेले उत्तर आहे, आणि त्याहून बारीक आकडा कोणी देऊ लागला तर त्याला आधार विचारावा.

एक सावधगिरी येथे नोंदवायला हवी. पेहरावावरून काळ सांगण्याची ही पद्धत त्या शतकातल्या प्रत्येक चित्राला लागू पडत नाही. १७४० च्या दशकात टॉमस हडसन आणि अॅलन रॅमझी हे दोघेही व्यक्तिचित्रकार आपल्या चित्रांतले कपडे जोसेफ व्हॅन एकन नावाच्या एकाच माणसाकडून रंगवून घेत. त्यामुळे सतराव्या शतकातला चित्रकार रूबेन्स याच्या काळातला एकच वेश एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक स्त्रियांच्या अंगावर आढळतो. त्यातल्या कोणीही तसा पोशाख प्रत्यक्ष घातलेला असेलच असे नाही. रेनॉल्ड्सची अडचण वेगळी आहे. फॅशन बदलली की चित्र हास्यास्पद होते, म्हणून प्रतिष्ठा राखायची असेल तर स्त्रीला चालू काळाच्या पोशाखात रंगवू नये, असे त्याने रॉयल अकादमीत दिलेल्या व्याख्यानांपैकी १७७६ च्या सातव्या व्याख्यानात स्पष्ट सांगितले आहे. त्याच्या बायका त्यामुळे कमरेला पट्टा बांधलेल्या कोणत्यातरी सैलसर, ग्रीकसदृश वस्त्रात वावरतात. तारीख पुसण्याचाच तो उद्योग होता.

गेन्सबरोचे मत याच्या नेमके उलटे होते. लेडी डार्टमथच्या चित्रावरून १७७१ मध्ये त्याने लॉर्ड डार्टमथला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. साम्य हे व्यक्तिचित्राचे मुख्य सौंदर्य असून काल्पनिक पोशाख घातला की तेच बिघडते, असे त्याचे म्हणणे होते. अर्थात मिसेस ग्रॅहमला त्याने स्वतःच सतराव्या शतकातला चित्रकार व्हॅन डाइक याच्या शैलीचा वेश दिला आहे, तेव्हा त्याचे तत्त्व फार ताणू नये; तरीही केस आणि टोपी तेथेही चालू फॅशनचीच आहेत. पोशाख उसना घेता येतो, चेहऱ्याभोवतालचे केस उसने घेतले की माणूस ओळखू येईनासा होतो, हे त्याला पुरते ठाऊक असावे.

मापाबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. हे चित्र साधारण ७६ बाय ६४ सेंटिमीटरचे आहे. इंचांत ते ३० बाय २५ होते आणि हा आकडा योगायोगाचा नाही. लंडनमधले कॅनव्हास-विक्रेते ठरावीक मापांचे ताणलेले कॅनव्हास तयार विकत आणि चित्रकाराचा दर त्या मापावर ठरे. गेन्सबरोच्या दरात सर्वांत लहान आणि स्वस्त माप हेच. त्यानंतर ५० बाय ४० इंचांचे अर्धाकृती आणि शेवटी पूर्णाकृती. गेन्सबरोचा दर १७७४ मध्ये तो बाथ या शहरातून लंडनला आला त्या सुमारास अनुक्रमे ३०, ६० आणि १०० गिनी होता आणि १७८७ पर्यंत तो ४०, ८० आणि १६० गिनींवर गेला. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. मागे खांब नाही, झाड नाही, असे आपण लिहिले आहे. या मापाच्या चित्रात ती अपेक्षाच नसते. खांब आणि झाड हवे असेल तर गिऱ्हाइकाने मोठा कॅनव्हास मागवायचा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. या मापात हात दाखवण्याची सक्ती नसे आणि असंख्य चित्रकार तो टाळत. गेन्सबरोने येथे तो दाखवला आहे आणि संपूर्ण चित्राची मांडणी त्या हाताभोवती फिरवली आहे.

कोरडा_कुंचला

सहीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. गेन्सबरो क्वचितच सही करी. रेनॉल्ड्सच्याही बहुतेक चित्रांवर सही नाही. त्या काळी ती आवश्यक मानली जात नव्हती. चित्रकार ओळखतात तो हातावरून, आणि गेन्सबरोचा हात त्या पिढीतल्या कोणाशीही गफलत होऊ नये इतका वेगळा आहे.

तो पाहण्यासाठी आपण प्रतिमा आणखी मोठी करून शाल आणि पिसे यांवर थांबावे. जवळून पाहिले तर शाल नावाची वस्तू तेथे नाहीच. पातळ केलेल्या निळसर-राखी रंगाचे तिरपे, घाईने ओढलेले फटकारे आहेत. त्यांच्या फटींतून खालचा रंग दिसतो आणि घडीच्या कडेवर पांढऱ्याचा एखादा सुटा ओरखडा आहे. पिसांचेही तेच: कुंचला वळवून उचलला आहे, इतकेच. आता प्रतिमा लहान करा. रेशमाची चमक, वजन आणि हाताने दाबलेली घडी ही सारी आपोआप जागेवर येतात. चेहरा मात्र वेगळ्या रीतीने केलेला आहे. तेथे कुंचल्याची खूण जवळपास दिसत नाही. छटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि डोळ्यांच्या कडा व ओठ एवढेच नेमके केलेले आहेत. नेमका चेहरा आणि त्याच्याभोवती विरघळत जाणारे सगळे काही, ही गेन्सबरोची लंडनमधल्या वर्षांतली खास रीत आहे.

हे काही आजच्या समीक्षकांनी शोधून काढलेले नाही. गेन्सबरो १७८८ च्या ऑगस्टमध्ये वारला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रेनॉल्ड्सने आपले चौदावे व्याख्यान संपूर्णपणे त्याच्यावर दिले. जवळून अर्थहीन भासणारे हे विचित्र ओरखडे आणि खुणा ठरावीक अंतरावरून पाहताच जणू जादूने आकार घेतात, असे त्याने त्यात म्हटले आहे. आयुष्यभराच्या प्रतिस्पर्ध्याने दिलेली ही दाद आहे, त्यामुळे तिला जास्त मोल आहे. समकालीनांनी गेन्सबरोची काम करण्याची पद्धतही टिपून ठेवली आहे. तो आरंभी खोलीतला उजेड बराच कमी करी, कॅनव्हास समोर बसलेल्या व्यक्तीच्या अगदी शेजारी उभा करी आणि सुमारे सहा फूट लांब दांड्यांचे कुंचले वापरी, म्हणजे आपण चित्रापासून आणि व्यक्तीपासून सारख्याच अंतरावर राहू. इतक्या लांब दांडीने मऊ, घोटीव काम होणेच शक्य नाही, फटकाराच मिळतो.

येथे आणखी एक व्यावहारिक मुद्दा येतो. रेनॉल्ड्सच्या चित्रशाळेत ज्युसेप्पे मार्की, पीटर टॉम्स यांच्यासारखी माणसे कपडे व पार्श्वभूमी करीत असत, त्यामुळे त्याच्या एकाच चित्रात दोन-तीन हात असू शकतात आणि ‘रेनॉल्ड्सची चित्रशाळा’ अशी मोघम नोंद करावी लागते. गेन्सबरो शालीसुद्धा स्वतःच रंगवी. त्याच्याकडे एकच सहायक होता, त्याचा भाचा गेन्सबरो ड्युपाँट, आणि तो १७७२ पासून त्याच्यापाशी शिकत होता. संशय घ्यायचाच झाला तर तो याच एका माणसाचा घ्यावा लागतो. ड्युपाँटला मामाचे फटकारे जमत, पण त्यांतून घडी कोठे वळते हे त्याला नेहमीच साधत नसे. त्याची स्वतंत्र चित्रे पाहिली की हे ध्यानात येते. हर्मिटाजच्या चित्रात हात आणि शाल जिथे भेटतात, तेथे तसा घोटाळा मुळीच नाही.

आता निळ्या रंगाची दंतकथा. चित्रातल्या प्रकाशाच्या मोठ्या भागात उबदार रंग, म्हणजे पिवळे, तांबडे किंवा पिवळसर पांढरे, असावेत आणि निळा, करडा आणि हिरवा त्या भागाबाहेर ठेवून केवळ उबदार रंगांना उठाव देण्यापुरते वापरावेत, असा नियम रेनॉल्ड्सने आठव्या व्याख्यानात सांगितला. ते व्याख्यान १७७८ च्या डिसेंबरमधले आहे. ‘ब्लू बॉय’ त्याच्या आठ वर्षे आधी प्रदर्शित झाला होता. जो नियम अजून उच्चारलाच गेला नव्हता, त्याला ते चित्र प्रत्युत्तर कसे असेल? तरीही ही गोष्ट पुस्तकापुस्तकांतून चालत राहते, कारण ती सांगायला छान आहे.

आपल्या चित्राचा काळ नेमका या व्याख्यानाच्या आगेमागे येतो, त्यामुळे ‘ब्लू बॉय’ नाही तर निदान हे तरी प्रत्युत्तर असेल, असे म्हणण्याचा मोह होईल. पण डोळे बारीक करून चित्राकडे पाहा, म्हणजे तपशील जाऊन केवळ उजळ आणि गडद भाग उरतील. उजेडाचा मुख्य पुंजका चेहरा, गळा, छाती आणि पांढरा पोशाख यांचा आहे आणि तो सगळा उबदार आहे. निळा त्याच्या कडेने, खालून आधार दिल्यासारखा आहे. टोपीवरची निळसर छटा त्याला वरून उत्तर देते. म्हणजे रेनॉल्ड्सने जे सांगितले तेच, जवळजवळ तंतोतंत. शीर्षकात ‘निळे’ असल्यामुळे आपण या चित्राला निळे समजतो. वास्तविक ते मोत्याच्या रंगाचे चित्र असून त्याला निळी किनार आहे. भांडणाचा पुरावा म्हणून ते अगदीच कुचकामी आहे.

शलाका (प्रश्नकर्ती)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. डोळे बारीक करून पाहण्याची सूचना मी लगेच अमलात आणली आणि निळा रंग खरोखरच मागे सरकला. एक गोष्ट मात्र अद्याप उलगडत नाही. ब्यूफोर्टची डचेस ही काही अज्ञात व्यक्ती नव्हती. तिची इतरही चित्रे असणारच. चेहरे शेजारी ठेवून पाहिले, किंवा क्ष-किरणांसारख्या चाचण्या केल्या, तर होय की नाही हे कायमचे ठरवता येणार नाही काय?

चौकटीबाहेर

क्ष-किरणांचा उपयोग वेगळ्या प्रश्नासाठी होतो. कॅनव्हासवर खाली दुसरे काही रंगवले आहे का, हात नंतर हलवला आहे का, हे त्यांतून कळते. ‘ब्लू बॉय’च्या खाली एका पुरुषाच्या चित्राचा आरंभ असल्याचे असेच १९३९ मध्ये उघडकीस आले. रंगद्रव्यांच्या तपासणीवरून चित्र त्या शतकातले आहे की नंतरची नक्कल आहे, हे बऱ्याच अंशी सांगता येते. बसलेली बाई कोणाची मुलगी होती हे मात्र कोणतेही यंत्र सांगत नाही. ते कागद सांगतो.

चेहरे शेजारी ठेवण्याविषयी मला फार आशा नाही. एकाच स्त्रीची रेनॉल्ड्सने आणि गेन्सबरोने केलेली चित्रे एकत्र पाहिली तर दोन बहिणी असाव्यात असे वाटते. आणि गेन्सबरोने केलेल्या दोन निरनिराळ्या स्त्रिया पाहिल्या तरीही तसेच वाटते. लांबट चेहरा, जड पापण्या आणि किंचित मिटलेले ओठ हे काही प्रमाणात त्याच्या कुंचल्याचे गुण आहेत, बसणाऱ्या बाईचे नव्हेत. वस्त्रवेध यांनी ज्या डेव्हनशायरच्या डचेसच्या चित्राचा उल्लेख केला त्याचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात ते एका शिक्षिकेच्या घरी सापडले. शेकोटीच्या वर मावावे म्हणून तिने पूर्णाकृती चित्राचा खालचा भाग कापून टाकला होता. पुढे ते १८७६ मध्ये लंडनमधून चोरीला गेले आणि १९०१ मध्ये शिकागोत परत मिळाले. इतका बोभाटा होऊनही, आणि डेव्हनशायरची ही डचेस जॉर्जियाना त्या शतकात पुष्कळदा रंगवली गेलेली स्त्री असूनही, चित्रात तीच आहे का याविषयी वाद झालेच. मग जिची चित्रे मोजकीच आहेत तिच्याबाबत चेहऱ्यावरून निकाल कसा लागणार?

निकाल लागायचा असेल तर तो पुढीलपैकी कशावरून तरी लागेल. एखाद्या कौटुंबिक हिशेबवहीत गेन्सबरोला दिलेल्या ३० गिनींची नोंद सापडली आणि त्या घराची चित्रांची यादी तिच्याशी जुळली, तर. किंवा नाव छापलेले एखादे समकालीन मेझोटिंट, म्हणजे चित्रावरून धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली प्रत, मिळाले, तर. पण गेन्सबरोच्या चित्रांवरून रेनॉल्ड्सच्या तुलनेत खोदचित्रे फारच थोडी निघाली, आणि खासगी घरातल्या या सर्वांत लहान मापाच्या चित्रावरून कोणी ती काढली असेल याची शक्यता आणखी कमी. तिसरी जागा म्हणजे चित्राची पाठ. जुने मालक तेथे शाईने नाव लिहीत, लिलावगृहे खडूने क्रमांक टाकीत. अडचण एवढीच की अठराव्या शतकातल्या बहुतेक कॅनव्हासना कधी ना कधी मागून दुसऱ्या कापडाचे अस्तर चिकटवले गेलेले असते, आणि पाठीवर काही लिहिलेले असले तर ते त्या अस्तराखाली झाकले जाते. कधी जीर्ण झालेले अस्तर बदलावे लागते, तेव्हा संवर्धकांना मूळ कापड थोडा वेळ उघडे पाहायला मिळते.